बसून बघायची सावली

भर उन्हाळ्यात, दुपारी तीन वाजता, परक्या माणसाच्या बंगल्यात शिरून तिथल्या झाडाखाली आपली घडीची खुर्ची उघडणारा आणि डोळे मिटून गप्प बसून राहणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला आहे. नुसता पाहिला नाही, तो बसलेला असताना फाटकापाशी स्कूटर चालू ठेवून उभाही राहिलो आहे. कुत्रं सुटलं तर निघायला बरं, म्हणून.

हा माणूस म्हणजे आमचे शेजारी सिदूआण्णा. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले, सांगली-मिरज रस्त्यावरच्या आमच्या कॉलनीत घर बांधलं आणि घराच्या पुढच्या मोकळ्या जागेत सावलीसाठी एक लहानसं झाड लावायचं ठरवलं. बस्स, एवढीच गोष्ट. माणसं नर्सरीत जातात, रोप आणतात, खड्डा काढतात, पाणी घालतात आणि चहा प्यायला आत येतात. आण्णांचं झाड ठरायला मात्र तीन उन्हाळे गेले, आणि त्या तिन्ही उन्हाळ्यांतल्या माझ्या दुपारच्या झोपा त्यांच्याबरोबर गेल्या.

मी मिरजेच्या एका दवाखान्याच्या ऑफिसात जन्मभर बसून काम केलेला कारकून. निवृत्तीनंतर माझी एकच इच्छा होती. जेवायचं, आडवं व्हायचं आणि चार वाजता चहाला उठायचं. पण माझ्याकडे स्कूटर होती आणि आण्णांकडे नव्हती. जन्मभर एसटी हाकल्यामुळे दोन चाकांवर त्यांचा विश्वास नव्हता. मागे बसून मात्र ते मिरजेपर्यंत येत, मांडीवर घडीची खुर्ची आडवी धरून. समोरून येणारी माणसं खुर्ची लागू नये म्हणून बाजूला सरत.

"आण्णा, झाड नुसतं बघून कळत नाही का?" असं मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"आवं भाऊसायेब, सावली बसून बघायची असती. उभ्यानं बघाय ती काय मिरवणूक हाय?"

हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं, की माझी बायको सुलभा मला जेवायला वाढताना म्हणायला लागली, "भाजी बसून बघायची असते. ताट धरून उभे का?"

मिरजेत डॉक्टर पुष्कळ, आणि डॉक्टरांच्या बंगल्यांपुढे झाडंही पुष्कळ. एका बंगल्यात गुलाबी फुलांचं एक ठेंगणं झाड होतं. आण्णा सरळ आत गेले, खुर्ची मांडली आणि बसले. वॉचमन धावत आला. "कोण पाहिजे?" म्हणाला. आण्णांनी डोळे न उघडता सांगितलं, "कोन न्हाई. सावली बघतोय." वॉचमनला वाटलं पेशंटला चक्कर आली. त्यानं आत वर्दी दिली. डॉक्टरीणबाई स्वतः लिंबाचं सरबत घेऊन बाहेर आल्या, "बीपीचा त्रास आहे का?" म्हणून विचारायला लागल्या. आण्णांनी सरबत घेतलं, आणखी थोडा वेळ बसले आणि मग निकाल दिला. "सावली गार हाय ताई, पन वतल्यावानी एका जागी पडत न्हाई. भोकं हायती. डोक्यावर सावली आन् गुडघ्यावर ऊन. असलं न्हाई चालायचं."

बाईंनी स्वतःच्या झाडाकडे असं पाहिलं, की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

आण्णा मूळचे जतकडचे. तिकडे झाड दिसलं की माणूस थांबतो, कारण पुढचं कधी दिसेल याची खात्री नसते. त्यात एसटीची नोकरी. कुठल्या स्टँडवर कुठल्या कोपऱ्यात किती वाजेपर्यंत सावली टिकते, हे त्यांना तोंडपाठ होतं. थांबा एकीकडे आणि गाडी उभी दुसरीकडे, अशी त्यांच्याबद्दल तक्रार असायची. प्रवासी सामान घेऊन पळत यायचे आणि आण्णा लिंबाच्या सावलीत स्टिअरिंगवर हात ठेवून शांत बसलेले असायचे. "गाडीतबी मानसंच बसत्यात की. त्यास्नी उनात का ठेवायचं?" असं त्यांचं म्हणणं होतं. ते मला पटायचं. पटलेली गोष्ट सारखी सारखी ऐकावी लागली की माणूस कसा थकतो, हे मात्र त्यांना कधी कळलं नाही.

कॉलनीतल्या प्रत्येकानं त्यांना एकेक झाड सुचवून पाहिलं. सगळ्यांची झाडं परत आली. नारळ? "सावली न्हाई, नुसता डाग पडतो." सरळसोट अशोक? "त्यो सलाम ठोकून उभा ऱ्हातो. बसवून घेत न्हाई." गुलमोहर? "वारं सुटलं की फांदी टाकतो." बदाम? "पानं पडायला लागली की दिसभर खराटा हातात." पारिजातक? त्याच्याखाली खुर्ची मांडून बसले, तर डोक्यात काडी अडकली. "बुटका हाय. बसलं की उठता येत न्हाई." सोनचाफा? यावर ते थोडे घुटमळले, कारण वास त्यांना आवडला होता. पण त्याचं एक पान तोडून त्यांनी दाताखाली धरलं, चावलं आणि थुंकलं. सोनचाफा बाद झाला.

हे पान चावणं मला कधी कळलं नव्हतं. प्रत्येक झाडाचं पान ते चावून बघत. एकदा एका झाडाच्या पानानं त्यांचा ओठ सुजला. तसेच ते दोन दिवस फिरत होते, तरी पुढच्या झाडाचं पान चावलंच.

त्यांच्या घरच्या हिरावहिनी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन सुलभाला म्हणाल्या, "आवं, लग्नाआधी मला बघाय आलं तवा च्या निवायच्या आत हो म्हनून गेलं. आन् आता झाडाला तिसरं वरीस!"

नर्सरीतला प्रसंग तर मला अजून आठवतो. नर्सरीवाला चांगला बोलका माणूस होता. प्रत्येक रोपाजवळ थांबून त्याची उंची किती होते, फुलं कधी येतात, हे सांगत होता. आण्णा ऐकत होते. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मेंढरानं खाल्लं तर?"

"काय?"

"ह्याचा पाला मेंढरानं खाल्ला तर तेला काय हुईल?"

नर्सरीवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. "बाबा, तुम्ही राहता कुठे?" त्यानं विचारलं. आण्णांनी कॉलनीचं नाव सांगितलं. "तिथं मेंढरं कुठली? तिथं तर गाई पण नाहीत."

"नसंनात," आण्णा म्हणाले. "पन खाल्लं तर?"

पुढे एक सुंदर फुललेली कण्हेर होती. मी म्हणालो, आण्णा, ही घ्या, लवकर वाढते. आण्णा असे मागे सरले, की जणू मी त्यांना विंचू दाखवला. "इख हाय त्ये. मेंढरू पाच मिनटात आडवं हुतं. दारात लावू व्हय?" आम्ही रिकाम्या हातानं घरी आलो. वाटेत खुर्चीचा पाय माझ्या कमरेत रुतत होता आणि मी मनात म्हणत होतो, मेंढरू आडवं होईल तेव्हा होईल, मी आजच होणार आहे.

तिसऱ्या उन्हाळ्यात आण्णांना आठवलं, की आपण पूर्वी मेढ्याला मुक्कामी गाडी न्यायचो. तिथे स्टँडपासून थोडं वर गेलं की एका घराच्या अंगणात एक झाड होतं. सकाळची पहिली फेरी करून आल्यावर दुपारी ते त्याखाली पडायचे. झाडाचं नाव त्यांना माहीत नव्हतं. घरवाल्यांचंही माहीत नव्हतं. "पन झोप लय गाढ लागायची," एवढी एकच खूण.

"आण्णा, तेव्हा तुम्ही पहाटेपासून गाडी चालवून यायचात. तुम्हाला दगडावरही झोप लागली असती."

"दगडावर झोपून बघितलंय. न्हाई लागत."

मी नाही म्हणणार होतो. गुडघे दुखतात, ऊन आहे, साताऱ्यापर्यंत एक गाडी आणि पुढे घाटातली दुसरी. पण सुलभानं आदल्या दिवशीच माझ्या पिशवीत दशम्या बांधून ठेवल्या होत्या. तिला तो दिवस घरात शांतपणे काढायचा होता, असा माझा संशय आहे.

सगळ्या प्रवासात आण्णा बसमध्ये खिडकीशी बसून ड्रायव्हरकडे बघत होते आणि गाडी उन्हात थांबवली की मान हलवत होते. खुर्ची आमच्या दोघांच्या पायांत होती. कंडक्टरनं विचारलं, "हिचं तिकीट काढायचं का?" आण्णा म्हणाले, "काढा. बसनारच हाय तिच्यावर." तो नवा पोरगा कंडक्टर बराच वेळ विचारात पडला होता.

मेढ्याला ते झाड होतं. एवढ्या वर्षांनी, त्याच अंगणात. घर मात्र नवं झालं होतं, वर पत्रे जाऊन स्लॅब आला होता. झाड फार मोठं नव्हतं. बुंधा हातभर उंचीवरून दोन-तीन ठिकाणी फुटलेला, वर छत्रीसारखा घेर आणि पानं आपट्यासारखी, मधून दुमडलेली. मी ओळखलं, कांचन. आण्णांनी कुणाला काही न विचारता खुर्ची उघडली आणि बसले. डोळे मिटले. आणि खरंच, थोड्या वेळानं घोरायला लागले.

घरातून एक वयस्कर बाई बाहेर आल्या. मी घाईघाईनं हात जोडून कोण, कुठले, कशाला आलो ते सांगायला लागलो. त्या बाईंनी घोरण्याचा आवाज ऐकला आणि हसल्या. "हे डायवर न्हव्हं का? ह्यांचं घोरनं तवापास्नं तसंच हाय."

आण्णा जागे झाले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला. "वैनी, ह्याचा पाला मेंढरं खात्यात का?"

"मेंढरं काय, शेरडंबी खात्यात. लय गोड लागतो त्यास्नी. म्हनून तर झाड ल्हान हाय तवर राखावं लागतंय, न्हाई तर..."

पण आण्णांनी पुढचं ऐकलंच नाही. "खात्यात" या शब्दावरच त्यांचा चेहरा असा उजळला, की मी तीन वर्षांत पाहिला नव्हता. त्यांनी एक पान तोडलं, चावलं आणि चक्क गिळलं. "भाऊसायेब," ते म्हणाले, "झाड ठरलं."

परतीच्या गाडीत मी दमून गेलो होतो. झाड ठरल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण पाय इतके सुजले होते की आनंद वरपर्यंत पोचेना. मी जरा चिडूनच विचारलं, "आण्णा, पाला मेंढरं खातात का, सावली गुडघ्यावर पडते का, बसून उठता येतं का. हे सगळं कुणासाठी? तुम्ही तर दिवसभर घरात पंख्याखाली असता."

आण्णा खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "थोरला माझ्या दारात बसत न्हाई, भाऊसायेब."

थोरला म्हणजे त्यांचा मोठा भाऊ, धुळाप्पा. आजही मेंढरं राखतो. दिवाळी झाली की जतकडची मेंढरं चाऱ्यामागे नदीकाठच्या रानांकडे निघतात. पीक निघालेल्या रानात शेतकरी त्यांना बसवून घेतात, लेंड्यांचं खत होतं. तेव्हा मिरजेच्या अलीकडे कुठेतरी धुळाप्पाचा तळ पडतो आणि तो भावाला भेटायला पायी आमच्या कॉलनीत येतो. पावसाच्या तोंडावर परतताना घाई असते, तेव्हा येत नाही. म्हणजे वर्षातून एकदाच.

"घर बांधलं तवा वास्तुशांतीला आला," आण्णा सांगत होते. "दारापोतर आला. फरशी बघितली. आपलं पाय बघितलं. आन् मागं फिरून रस्त्यावर जाऊन उभा ऱ्हायला. म्हनला, सलॅबखाली जीव घाबरा हुतो. जनम झाडाखाली गेला रं, आता आत कुटं? तवापास्नं दर साली येतो, फाटकाच्या भाईर उनात उभा ऱ्हाऊन च्या पितो आन् जातो. च्या संपला की भाऊ गेला."

"रागावलाय का तुमच्यावर?"

"राग असता तर बरं झालं असतं. समजूत काढता आली असती." आण्णांनी खुर्चीची घडी मांडीवर घेतली. "बाप गेला तवा त्यानं काठी घेतली आन् माझ्या हातात पाटी दिली. एकानं मेंढरं, एकानं साळा. मी शिकलो म्हनून डायवर झालो. ह्या घराची एक वीट त्याच्याबिगर लागली नसती. आन् त्यो रस्त्यावर उभा." मग म्हणाले, "त्यो खुर्चीत न्हाई, भुईवर बसतो. पन झाड दिसलं की बसतोच. सवय हाय. आन् एखादं मेंढरू संगं असतंच, तेबी उपाशी नगं."

काहीतरी चांगलं बोलावं असं वाटलं, पण अशा वेळी मला कधी काही सुचत नाही. "कांचन चांगलं झाड आहे," एवढंच म्हणालो.

पाऊस सुरू झाल्यावर आण्णांनी फाटकाच्या आत, डाव्या हाताला कांचनचं रोप लावलं. रोप कमरेएवढं. मग त्यांनी चुन्याची फक्की आणली आणि रोपाभोवती जमिनीवर एक मोठा गोल मारला. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "हितवर सावली येनार हाय." पुढची सावली आत्ताच राखून ठेवली होती. त्या गोलात कुणी काही ठेवायचं नाही. भाजीवालीची पाटी नाही, माझी स्कूटर नाही, हिरावहिनींचं पापडाचं वाळवण नाही. पावसानं चुना वाहून गेला की आण्णा पुन्हा मारत. वहिनी म्हणाल्या, "झाड वाढाय दहा वर्सं लागतील. तवर आमी घरात उडत जायाचं काय?"

दिवाळी झाली. आण्णा रोज फोनकडे बघायचे. एका सकाळी धुळाप्पाच्या नातवाचा फोन आला, की तळ मिरजेच्या अलीकडे पडलाय, आजा दुपारपर्यंत येईल. आण्णांनी लगेच मलाही बोलावलं. का, ते मला ठाऊक नाही. बहुतेक झाड दाखवताना साक्षीदार असावा म्हणून. मी जेवण आटोपून, झोप सोडून गेलो.

ऊन चांगलंच होतं. दिवाळीनंतरही सांगलीचं ऊन नरमत नाही. दुपारी धुळाप्पा आला. पांढरा पटका, खांद्यावर घोंगडं, हातात काठी, गळ्यात सुतळीला बांधलेला बटणांचा मोबाईल आणि मागोमाग एक काळी मेंढी. ती आईविना वाढलेली होती आणि त्याला सोडून राहत नव्हती, असं आण्णांनी मला आधी सांगितलं होतं. धुळाप्पा नेहमीच्या जागी, फाटकाबाहेर, रस्त्यावर उभा राहिला.

"बरं हाय का रं सिद्या?"

"बरं हाय दादा. आत ये की."

"न्हाई, हितंच ठीक हाय. मेंढरं पोरांच्या भरवशावर टाकून आलोय."

"दादा, झाड लावलंय."

"कुटं?"

आण्णांनी दाखवलं. धुळाप्पानं भिंतीवरून वाकून पाहिलं. "त्ये व्हय? मला वाटलं झेंड्याची काठी रवलीया."

मी मान फिरवली. आण्णांचा चेहरा बघवत नव्हता. तीन उन्हाळे ज्यासाठी घालवले, ते झाड त्या क्षणी ताटाएवढीही सावली पाडत नव्हतं. हे आण्णांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण भाऊ समोर उभा राहिल्यावर ते त्यांना पहिल्यांदा दिसलं असावं. त्यांचं वय सत्तरीकडे झुकलेलं, धुळाप्पाचं ती ओलांडून गेलेलं. झाड मोठं व्हायचं कधी आणि त्याखाली बसायचं कुणी?

हिरावहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. आम्हाला कप देऊन त्यांनी फाटक उघडलं आणि धुळाप्पानं बाहेरूनच हात पुढे करून आपला कप घेतला. तेवढ्यात काळी मेंढी वहिनींच्या बाजूनं आत शिरली. सरळ रोपाकडे गेली. वास घेतला. आणि आम्ही सगळे हातात चहा घेऊन उभे असताना तिनं शेंड्यापासून सुरुवात करून एकेक पान ओरबाडून खाल्लं. कोवळा शेंडा, मधली पानं, बारीक काड्या. अजिबात घाई नव्हती तिला. मागे राहिली ती खरोखरच काठी.

 

"खाल्लं," आण्णा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, भरलेल्या डोळ्यांनी आणि तरीही हसत, "भाऊसायेब, खाल्लं की! बघा, कसं आवडीनं खाल्लं! झाड बराबर निवडलं हुतं."

धुळाप्पाच्या हातातून चहाचा कप रस्त्यावरच पडला. काठी उगारून तो आत आला. फाटक ओलांडून, फरशी ओलांडून, वहाणांसकट आत. मेंढीचा कान धरून तिला बाजूला ओढलं आणि मग मेंढीला सोडून भावावर घसरला.

"सिद्या! धनगराच्या पोटी जल्माला आलास आन् रोपाला काटं न्हाई लावलं? उघडं रोप दारात, आन् दारात मेंढरू येनार ठावं हाय तुला! साळंत हेच शिकवलं व्हय रं?"

"इसरलो दादा," आण्णा म्हणाले. एवढा मोठा माणूस, खाली मान घालून, शाळेत छडी खाल्ल्यासारखा उभा होता.

"इसरलो म्हनं! कोयता आन."

शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये वेड्या बाभळी माजल्या होत्या. धुळाप्पानं घोंगडं खाली टाकलं आणि काटे तोडायला लागला. आण्णा फांद्या ओढून आणू लागले. मी मदत करायला गेलो, तर एक काटा माझ्या बोटात घुसला आणि दोघांनीही मला एकाच सुरात बाजूला बसवलं. त्या घडीच्या खुर्चीत. तीन वर्षं मी ती वाहिली होती, त्या दिवशी पहिल्यांदा तिच्यात बसलो. ऊन डोक्यावर होतं, पण उठावंसं वाटेना.

दोघं भाऊ जमिनीवर बसून कुंपण विणत होते. धुळाप्पा सारखा ओरडत होता, असा न्हाई, तसा धर, शेंडा भाईर कर, मेंढराच्या नाकाला टोचाय पायजे. आण्णा ऐकत होते. स्टँडवर कुणाच्या बापाचं न ऐकणारा माणूस. काळी मेंढी हिरावहिनींनी टाकलेली कोथिंबीर खात उभी होती. अंगणभर लेंड्या पडल्या होत्या आणि वहिनी एक अक्षर बोलत नव्हत्या.

जेवायची वेळ उलटून गेली, तेव्हा वहिनींनी भाकरी, पिठलं आणि कांदा तिथंच आणून दिला. सुलभानं भिंतीवरून शेंगदाण्याची चटणी पाठवली. धुळाप्पानं हात धुतले आणि बसताना खाली पांढरी रेघ बघितली.

"ह्यो चुना कसला रं?"

आण्णा जरा ओशाळले. "काय न्हाई. तितवर सावली येनार हाय."

धुळाप्पानं तो गोल नीट पाहिला. तो स्वतः रेघेच्या बाहेर बसला होता. ताट हातात धरून तो सरकत सरकत गोलाच्या आत आला. आण्णांनाही त्यानं मनगटाला धरून आत ओढलं. मग भाकरी मोडली. मी तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसलो, कारण माझे डोळे मला आवरेनात.

ऊन कलल्यावर तो निघाला. कुंपणाला एकदा काठीनं ढोसून बघितलं. "मेंढरानं खाल्ल्यालं फुटतं. मूळ हाललं न्हाई. पुढच्या खेपंला येऊन बघतो. काटं काढू नगंस."

"लौकर ये."

"मेंढरं जशी नेत्याल तसा यीन," तो म्हणाला आणि काळी मेंढी पुढे घालून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आडवा झालो होतो. झोप लागेना. तीन वर्षांची सवय लागली असावी. उठून बाहेर आलो, तर आण्णा त्या गोलात, भर उन्हात, काटेरी कुंपणाशेजारी भुईवर बसले होते. खुर्ची भिंतीला घडी करून टेकवलेली. समोर पान नसलेली काठी. मी फाटकाशी थांबलो आणि थट्टेनं विचारलं, "काय आण्णा, आली का सावली?"

आण्णांनी वर पाहिलं. "काल आली हुती की, भाऊसायेब," ते म्हणाले. "दिस कलेस्तवर हुती."

मी फाटक उघडलं. गुडघे धरून, एकदा भिंतीचा आणि एकदा आण्णांच्या खांद्याचा आधार घेत खाली बसलो. नीट रेघेच्या आत.